एक चूल, एक मत, एक पट्टी

केंद्राच्या कर बसवण्याच्या अधिकाराला घटनेतूनच लगाम घातला पाहिजे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी शुक्रवार पेठेतल्या गिरणीत ज्वारीच्या डब्यामागे रांगेत उभा होतो. मोबाइल वाजला. 'कोरडेमाळ बिरोबा देवस्थान, मध्यवर्ती समिती' या ग्रुपवर अध्यक्ष हिंदुरावांचा निरोप होता. यंदाच्या जत्रेला सगळ्या चुलींनी नेहमीची पट्टी द्यावी, आणि सोलापूर शाखेतल्या पगारदार चुलींनी तेवढाच 'शहर अधिभार' वेगळा द्यावा. खाली जोडलेले हात, आणि त्याखाली नाचणारा मेंढा.

दुसऱ्या कुणी मेंढ्याकडे बघून मोबाइल खिशात टाकला असता. पण मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. अधिभार म्हणजे काय हे मला माहीत आहे. दिल्लीचं सरकार कर लावतं तेव्हा त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागतो. त्याच करावर अधिभार लावला की तो सगळा दिल्लीचा. दरवर्षी मी हे फळ्यावर एकावर एक दोन चौकोन काढून समजावतो आणि दरवर्षी मुलं खिडकीबाहेर बघतात. आज तो वरचा चौकोन थेट माझ्या अंगावर आला होता.

कोरडेमाळचा बिरोबा हा आमच्या भावकीचा देव. भावकी मंगळवेढ्याच्या पलीकडे नऊ वाड्यांत पसरलेली, आणि नोकरीसाठी शहरात आलेल्यांची सोलापूर शाखा. प्रत्येक वाडीचे पंच वेगळे, छोटा उत्सव वेगळा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मध्यवर्ती समिती. म्हणजे संघराज्यच की! समितीची रीतसर नोंदवलेली घटनाही आहे. ती कुणी वाचलेली नाही, पण तिच्यातला एक नियम लहान मुलांनाही पाठ आहे: एक चूल, एक मत, एक पट्टी. ज्या घरात वेगळं शिजतं ते वेगळं कुटुंब.

घरी येऊन मी निरोप आबांना वाचून दाखवला. आबा म्हणजे माझे वडील, मायाप्पा. ऐंशीच्या पुढचे, तरुणपण मेंढरांमागे गेलेलं, आता आमच्या गॅलरीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक शेळीची किंमत करतात.

"मंग भर की," आबा म्हणाले.

"प्रश्न पैशाचा नाही आबा. तत्त्वाचा आहे."

"छत्रीचं काय?"

तिथं खरी मेख होती. जत्रेत बिरोबाच्या पालखीवर छत्री धरायचा मान आमच्या घराचा. आबांनी तो उभ्या आयुष्यात कुणाला दिला नव्हता. हाताची सवय मोडू नये म्हणून ते रोज सकाळी गॅलरीत बांबू उभा धरून बराच वेळ थांबतात, आणि खालून जाणाऱ्या लोकांना वाटतं की म्हातारा वाळत घातलेले कपडे राखतोय. मान मात्र त्याच चुलीला, जिची पट्टी पूर्ण भरलेली आहे. मी अधिभार अडवला तर आबांची छत्री गेली.

"छत्री कुठं जात नाही," मी म्हणालो. "जत्रेच्या आदल्या दिवशी सर्वसाधारण सभा असते. मी घटनादुरुस्ती मांडतो. अधिभारच रद्द होईल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "द्येवासंगं भाव करतूस व्हय?" एवढंच म्हणाले, आणि बांबू कोपऱ्यात ठेवून आत गेले.

मी नेहमीची पट्टी भरली, अधिभार 'निषेध नोंदवून' रोखला आणि मसुदा लिहायला बसलो. 'मध्यवर्ती समितीस ठरलेल्या पट्टीखेरीज कोणताही अधिभार, उपकर वा तत्सम आकार, वाड्यांच्या व शाखेच्या लेखी संमतीवाचून बसविता येणार नाही.' वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचाच आदर वाटला. ते ऐकवायला मी शेजारच्या शिवयोगींकडे गेलो. शिवयोगी महापालिकेतून निवृत्त झालेत. कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध आहे.

"अर्ज करा," ते म्हणाले. "साध्या कागदावर नको. आणि पोच घ्या. पोच नसली तर अर्ज नाही, अर्ज नसला तर अडचणच नाही, असं धरतात ते लोक."

मी हिंदुरावांना फोन केला. माणूस गोड. इतका गोड की त्याच्याशी बोलताना मला घाम फुटतो.

"करा की सर दुरुस्ती! आमी कुटं न्हाय म्हंतो? तेवढा कागुद समक्ष आणून हापिसात जमा करा, म्हंजे झालं."

समितीचं ऑफिस म्हणजे देवळाच्या ओवरीतलं एक लोखंडी कपाट. मी रजा काढली, एसटीनं गेलो, पुढं मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागं बसून कोरडेमाळला पोचलो. कपाटाला कुलूप. चावी ज्याच्याकडे, तो मेंढरं घेऊन भीमेच्या बाजूला गेलेला. त्याच मोटरसायकलवर मी त्याच्या मागावर निघालो. दुपार टळताना एका काळ्या रानात तो सापडला. चावी हरवू नये म्हणून त्यानं ती कळपातल्या पुढच्या बोकडाच्या गळ्यात बांधली होती.

"घ्या की सर काढून," तो बांधावरून म्हणाला. "काय करत न्हाय त्यो."

यापुढचा तपशील मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलेला नाही, इथंही सांगणार नाही. एवढंच सांगतो की चावी मिळाली, आणि कपाटात मसुदा ठेवून पोच घेईपर्यंत मी शर्ट बाहेर काढून उभा होतो, कारण पँट मागून उभी फाटली होती. परतीच्या एसटीत मी सोलापूरपर्यंत सीटवरून उठलो नाही.

घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात. मी वाडी-वाडीला फोन सुरू केले. इथं मला एक बिनीचा शिलेदार मिळाला: माझ्या चुलतभावाचा मुलगा पृथ्वीराज. सोलापुरात एका वकिलाकडे कागदपत्रं टाइप करतो, त्यामुळे स्वतःला अर्धा वकील समजतो आणि उरलेला अर्धा न्यायाधीश.

"काका," तो एक दिवस धापा टाकत आला, "त्यांनी चुली फोडायला सुरवात केली!"

हिंदुरावांच्या वाडीत रातोरात नवी कुटुंबं निर्माण होत होती. भाऊ भावापासून वेगळा, सासू सुनेपासून वेगळी. अंगणात तीन दगड मांडायचे, वर तवा ठेवायचा, पट्टी भरायची, की झालं नवं मत. हे ऐकून माझं रक्त खवळलं. लोकशाहीची ही विटंबना! मी तातडीनं सोलापूर शाखेची बैठक घेतली आणि आपणही चुली फोडाव्यात असं ठरवलं.

जुळे सोलापुरात आमच्यातले दोन भाऊ एकत्र राहतात. त्यांना मी तात्पुरतं वेगळं व्हायला सांगितलं. त्यांच्या बायकांनी माझं पुरतं ऐकूनही न घेता त्याच संध्याकाळी भांडी वाटली. 'तात्पुरतं' या शब्दावर मी नंतर खूप जोर देऊन पाहिला. त्या अजून वेगळ्याच आहेत, आणि दोघीही दिवाळीला मला फराळ पाठवतात.

अशी माझी एकेक चूल वाढत असताना एका सकाळी मला घरात धुराचा वास आला. गॅलरीत गेलो. आबांनी तीन विटा मांडल्या होत्या, त्यावर तवा, आणि तव्यावर त्यांच्या हातची भाकरी टम्म फुगत होती.

"आबा, हे काय?"

"चूल."

"ते दिसतंय. पण कशाला?"

"पट्टी भरली म्या. माझ्या नावावर. मी पगारदार न्हाय, त्यामुळं आदिभार न्हाय." आबांनी भाकरी उलटली. "तुजी चूल तुला, माजी मला. छत्री माजी मी धरतो. तू तुजं तत्त्व धर."

शेजारच्या गॅलरीतून शिवयोगी बघत होते, खालून पापडखार विकणारी बसव्वा वर बघत होती. माझ्या बापानं माझ्याच घरात माझ्यापासून फारकत घेतली होती आणि भाकरी जळू नये म्हणून मला बाजूला सरकायला सांगत होता.

पेठेला काही समजावून सांगावं लागत नाही, तिला सगळं आधीच समजलेलं असतं. दुपारपर्यंत बातमी झाली की सरांनी म्हाताऱ्याला वेगळं काढलं. बसव्वा जिना चढून आली. कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी आबांच्या पुढ्यात ठेवली, डोळ्यांना पदर लावला आणि जाताना मला म्हणाली, "याक्री सर? असं का केलात? शिकलेला माणूस की हो तुम्ही."

"मी काही केलेलं नाही. तो केंद्र आणि घटक राज्य यांच्यातला—"

"नगं सांगू," ती म्हणाली आणि निघून गेली. शाळेच्या स्टाफरूममध्ये दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. शिवयोगींनी मात्र धीर दिला. त्यांच्या मते धुराबद्दल मी वडिलांविरुद्ध एक अर्ज करून ठेवावा, पुढंमागं उपयोगी पडतो.

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. आबा सभेला येणार होते. पट्टी भरलेली चूल, म्हणजे मत. आणि ते मत माझ्या विरुद्ध पडणार हे उघड होतं. मी आकडे मांडत होतो, पुसत होतो. दोन तृतीयांशाच्या रेषेवर आम्ही अगदी काठाकाठानं उभे होतो.

मग एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो तर माझी बायको वैजयंती स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅलरीत वाटी देत होती. वाटीत आमटी होती. पलीकडून आबांचा हात आला आणि वाटी घेऊन गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," वैजयंती म्हणाली. "नुसती भाकरी कोरडी खाऊ देऊ का त्यांना? तुमची घटना तुमच्यापाशी ठेवा."

कुणालाही अशा वेळी बरं वाटलं असतं. मलाही वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, सापडलं! आबांची चूल खोटी आहे. कालवण माझ्या चुलीवरचं खातात, म्हणजे ते माझ्याच कुटुंबातले. मी त्या भरात पृथ्वीराजला फोन करून सगळं सांगून टाकलं. त्यानं खिडकी, वाटी, वेळ, सगळं पुन्हा विचारून घेतलं. त्याच्यातला न्यायाधीश जागा झाला असावा.

सभा देवळासमोरच्या मांडवात. रीत अशी की मत हात वर करून द्यायचं नाही, उठून बसायचं. होकार देवाच्या उजव्या अंगाला, नकार डाव्या अंगाला, एका चुलीतलं एक माणूस. मी मसुदा वाचला. हिंदुराव मान डोलावत ऐकत होते, जणू कीर्तन चाललंय. मग माणसं उठली. धोतरं, पँटी, लुगडी, पंजाबी ड्रेस. सतरंजीवर नुसती सरकासरकी. उजवी बाजू भरत गेली. आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले, माझ्यासमोरून गेले आणि डावीकडे बसले.

मोजणी झाली. उजवीकडे साठ. डावीकडे एकतीस.

एक्क्याण्णवात साठ. दोन तृतीयांशाला एक कमी.

"पडली की दुरुस्ती," हिंदुराव हळहळत म्हणाले. तेवढ्यात उजवीकडून पृथ्वीराज उभा राहिला.

"हरकत हाय! मायाप्पा आज्जाची चूल खोटी हाय! वैजयंतीकाकू खिडकीतनं आमटी देत्यात, सरांनी सवता मला सांगितलंय. ही चूल धरायची न्हाय. नव्वदात साठ, दुरुस्ती पास!"

मांडवात गलका उठला. मी डोळ्यांनी पृथ्वीराजला खाली बस म्हणून खुणावत होतो. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय. तो आणखी ताठ झाला.

हिंदुरावांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यांनी देवापुढची भंडाऱ्याची परडी उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"सर, चुलीचा वाद झाला की मुलानं भंडारा उचलून सांगायचं, ही आपली रीत. घ्या हातात. सांगा, तुमचा बाप तुमच्या चुलीवरचं खातो का न्हाय? खातो म्हणलासा तर त्यांची चूल गेली, मत गेलं, दुरुस्ती पास." ते जरा थांबले. "आन् पट्टीबी रद्द. छत्री उद्या आमच्या घरातलं कोन तरी धरंल."

भंडारा माझ्या मुठीत आला. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी आबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ओवरीत उद्यासाठी सजवून ठेवलेल्या पालखीकडे बघत होते, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप अर्धा मिटला होता, जसा सकाळी बांबूभोवती मिटतो.

खरं सांगितलं तर मी जिंकणार होतो. वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेली गोष्ट एकदा तरी प्रत्यक्षात घडणार होती. मी आयुष्यात मुलांना कॉपी करू दिली नाही, मस्टरवर खोटी सही केली नाही. आणि हातात देवाचा भंडारा होता.

"नाही," मी म्हणालो. मग मोठ्यानं पुन्हा म्हणालो. "माझा बाप माझ्या चुलीवरचं खात नाही."

मग बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, "ऐकलंसा का? बापाला जेवाय घालत न्हाय, आन् ह्यो म्हणं मास्तर!" पृथ्वीराजचं तोंड उघडंच राहिलं होतं. हिंदुरावांनी दुरुस्ती नामंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला.

दुसऱ्या दिवशी ढोल सुरू झाले, पालखी उठली आणि आबांनी छत्री धरली. देवळाला पूर्ण फेरी होईपर्यंत त्यांचा हात हलला नाही. मी गर्दीत मागं उभा होतो. मला रडू आवरेना. लोकांनी एकमेकांना कोपरानं ढोसून दाखवलं की बघा, मास्तर हरल्यामुळं रडतोय. मी खुलासा केला नाही. कुणी ऐकूनही घेतला नसता.

सोलापूरला परत आल्यावर आबा गॅलरीत बसले आणि मला समोर बसवलं.

"भंडारा उचलून खोटं बोललास."

"हो."

"माज्यासाटी बोललास."

मी चुलीत एक काटकी सारली.

"आता ते खरं केलं पायजे. न्हायतर बिरोबा सोडत नसतो. आजपास्नं तुज्या चुलीवरचा पाण्याचा थेंब मला चालायचा न्हाय. आमटी बंद."

एवढं बोलून त्यांनी कोरडी भाकरी मोडली. दात नसलेल्या तोंडात तो तुकडा इकडून तिकडं फिरताना मी बघत होतो. शिवयोगी पलीकडून 'अर्ज' एवढं म्हणाले आणि माझा चेहरा बघून आत गेले.

वैजयंती दारात उभी राहून ऐकत होती. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला. मग ती डाळीचं पातेलं, मिसळणाचा डबा, पोळपाट असं एकेक आणून गॅलरीत ठेवू लागली. शेवटी तिनं गॅसचा रेग्युलेटर काढून माझ्या हातात दिला.

"त्यांना आपल्या चुलीवरचं चालत नाही ना?" ती म्हणाली. "आपल्याला त्यांच्या चुलीवरचं चालतं. सरका, मला बसू द्या."

तेव्हापासून आमचा सगळा स्वयंपाक गॅलरीत होतो. धूर शिवयोगींकडे जातो. त्यांनी त्याबद्दल अर्ज केला आहे, माझ्याच हस्ताक्षरात, कारण त्यांना जवळचं नीट दिसत नाही.

काही दिवसांनी हिंदुराव आले. आम्ही तिघं चुलीभोवती जेवायला बसलो होतो.

"सर, तुमच्या चुलीचा तेवढा शहर आदिभार ऱ्हायलाय. दुरुस्ती काय झाली न्हाय, तवा आता नियमानं—"

"कुणाच्या चुलीचा?" आबांनी विचारलं.

"तुमच्या पोराच्या."

"त्येची चूल हाय कुटं? बगा की आत जाऊन."

हिंदुराव आत गेले. थंड शेगडी बघितली, तिच्यावर वैजयंतीनं वाळत घातलेल्या कुरडया बघितल्या, आणि बाहेर आले. गोडवा चेहऱ्यावरून पहिल्यांदाच उतरला होता.

"मंग सर जेवत्यात कुटं?"

"माज्याकडं असत्यात," आबा म्हणाले. "माज्या चुलीची पट्टी भरलीया. मला पगार न्हाय."

हिंदुराव माझ्याकडे वळले. "सर, खरं का हे? न्हाय, मंजी तुमची चूल नसली तर यादीतनं नाव काडावं लागंल. एक चूल, एक मत. पुढच्या सभेला तुमाला बसता यायचं न्हाय."

माझ्या हातात घास होता. प्रौढ मताधिकारावर माझा एक धडाच आहे, तो मी दरवर्षी उभा राहून शिकवतो. मी आबांकडे पाहिलं. ते माझ्या ताटात आमटी वाढत होते, आणि या वेळी मुद्दाम घट्ट घट्ट काढून वाढत होते.

"घरचे मालक ते आहेत," मी म्हणालो. "त्यांना विचारा."

हिंदुरावांनी पेन काढलं, माझं नाव खोडलं आणि चहाला न थांबता जिना उतरले. आबा जाळ पुढं सारत म्हणाले, "पुन्यांदा घटना बदलायची आसंल, तर आदी मला इचारायचं."

मी म्हटलं, "व्हय."